जुन्या हाकेला ओ

दोन हजार एक साल. जाफराबादच्या स्टँडवर एसटीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या रायभानच्या कानावर शेजारच्यांचं बोलणं पडत होतं. पुण्याहून आलेला बद्रीनाथ पुष्पाकाकूला आपलं काम सांगत होता.

“काकू, ज्या भाषेत कम्प्युटरला कामं सांगतात, तिचे साचे आम्ही बदलून राह्यलो.”

“मंग जुन्या साच्यावर लोकांनी केलेलं?”

“ते बंद पडलं, तर आमची सारी मेहनत वाया. काल एका वारलेल्या माणसानं जुन्या साच्यावर लिहिलेलं काम नव्या साच्यावर लावलं. बराबर चाललं, काकू.”

“मेलेल्याचा शब्द राखला म्हण की.”

इतक्यात समोरच्या जीपमधून एका म्हातारीनं हाक मारली, “अगं गोदे!”

“ओ,” म्हणत काकू उठली.

“काकू, गोदी कोण?”

“मीच. लग्नात नाव पुष्पा केलं. पण माहेरच्यांनी कशाला नवं शिकावं?”

रायभानची एसटी लागली, तरी काकूचं बोलणं ऐकत तो तिथंच बसून राहिला.