करीमचा तुडतुडा

हॅलो?… कोण?… शिफा! हो, मीच, अनिलकाका… पत्र? मिळालं ना, दिवाळीआधीच. तुडतुड्यांची डबीसुद्धा. इतके दिवस उत्तर दिलं नाही, खरंय… छे गं, रागावू कशाला? धीर होत नव्हता.

अगं ऐक ना… हो, हो, लेख उद्या छापायला जायचाय, ठाऊक आहे. नव्या जातीला अब्बांचं नाव… काय, तुझ्या अम्मीनं, नसीमाभाभींनी अख्ख्या मोहल्ल्यात सांगितलं? अरे देवा…

नाही, काही नाही. बघ, आंब्यावरचे तुडतुडे वरून सगळे भावंडांसारखे. पाठीवरचे ठिपके फसवतात. खात्री करायची तर नराचं पोट उघडून आतले अवयव बघायचे. करीमनं जाण्याआधी तेच केलं. आतला गळासारखा वाकलेला आकडा त्याला वेगळा दिसला… हो, तू काढलेलं चित्र सुरेख आहे. हात बापाचाच.

पण बुरोंडीच्या बागेतला एक नर त्यानं उघडला नव्हता… तो मी उघडला. हो, तुला न विचारता… शिफा, आत अळी होती… तुडतुड्याची नाही गं, एका माशीची. ती आतून खात राहते, आणि नराचे अवयव आकसतात, वाकडे होतात. बाहेरून तो उड्या मारतोय, मोहोराचा रस पितोय… आत दुसराच कुणी… नाही. करीमनं पाहिलेला आकडाही असाच बिघडलेला. नवी जात नव्हे. नेहमीचीच.

…रडतेस?

मीच चुकत असेन, असं मलाही वाटलं. पुन्हापुन्हा पाहिलं. मायक्रोस्कोपवर वाकलो की खांद्यामागे करीम. तेच अत्तर, तसंच खाकरणं. ‘काय अनिलराव, वेगळा ना?’… हो, ऐकू येतं. म्हातारपण म्हण हवं तर. मी मागे वळून बघत नाही. बघितलं तर हो म्हणून बसेन.

काय?… गप्प राहू?… कोणाला कळणार, बरोबर. डबी माझ्याकडेच आहे. पण उद्या कुणी दुसरा तुडतुडा उघडला, की अब्बांच्या नावाला ती चूक कायमची चिकटली… हो, हो, ऐकतोय… कागदावर नको? तोंडी राहू दे?

शिफा… सकाळीच पोस्टात टाकलं. तुझ्या पत्राचं उत्तर… हो, सगळं लिहिलंय… फोन कसा करणार होतो? तुझा आवाज ऐकला असता, तर ‘नवीन आहे’ म्हणालो असतो.

…हॅलो?… शिफा?