थांबायचा पत्ता

(चाकण. प्रेसशॉप.)

सलोनी : सुरेंद्रकाका, स्टार्टवरचं बोट काढा आधी.

सुरेंद्र : अगं, सुरक्षेची जाळी उघडी आहे. उघड्या जाळीला ही प्रेस हलायची नाही. मी हिला ओळखतो. एकदा हिचा ठोका असा बसला, की चिंचवडपर्यंतची घड्याळं मागं गेली. सगळ्या शिफ्टला ओव्हरटाइम मिळाला.

कुलदीप : काका, माजा हात डायमधी हाय, ठोक्याच्या खाली. गोष्टी मागनं सांगा.

सलोनी : कुलदीपभाऊ, हात बाहेर घ्या. प्रेस चालवणाऱ्या या नव्या चिपवर माझा भरवसा नाही.

कुलदीप : घेतला. पन काका तर म्हनले, डोळं झाकून हात घाल.

सुरेंद्र : मग? जुनी चिप जळली, मूळ फाइल कुणाकडं नाही. प्रोग्रामची ओळीनं छापलेली यादी, ते लिस्टिंग घेऊन अख्खा प्रोग्राम या बोटांनी टाइप केला.

सलोनी : डावीकडचा रकानासुद्धा?

सुरेंद्र : तो जागेचा नंबर, दारावरच्या पाटीसारखा. तो कोण टाइप करतंय? शेजारचा रकाना खरा कोड. खुळा समजलीस काय मला?

सलोनी : नाही. ही ओळ बघा. जाळी उघडली की इथून उडी मारून ब्रेकच्या कोडवर जायचं. उडीचा पत्ता काय टाकलात?

सुरेंद्र : छापलाय तोच, २०५०. आधी वीस, मग पन्नास.

सलोनी : तिथंच चुकलं. आपल्याला वाचता यावा म्हणून लिस्टिंगमध्ये पत्ता सरळ छापतात. या चिपला मागचा अर्धा आधी लागतो. पन्नास, मग वीस.

सुरेंद्र : सकाळी ठोके मारून बघितले की मी. एकदम नीट.

सलोनी : जाळी बंद होती ना? ही ओळ जाळी उघडल्यावरच चालते.

सुरेंद्र : मग आता उडी जाते कुठं?

सलोनी : ५०२० वर. तिथं काही नाही. ब्रेक लागणारच नाही.

कुलदीप : म्हंजी तुमी बटन दाबलं असतं तर...

सुरेंद्र : गप रे. माल न्यायला गाडी गेटवर उभी आहे, साहेबांचे फोनवर फोन. त्यांना काय सांगू मी?

कुलदीप : घड्याळाची गोष्ट सांगा.

सलोनी : काका, चिप परत भरायला वेळ लागेल. तोवर कुणी बटणाला हात लावायचा नाही.

सुरेंद्र : मेन स्विच पाडला. कुलूपही घातलं. कुलदीप, ही किल्ली तुझ्या खिशात ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस.