एजंटसमोरची मराठी

विम्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या अप्पांचं ऐका. सत्तरी उलटल्यावर त्यांनी आरोग्य विम्यासाठी एका एजंटला तंजावूरच्या घरी बोलावलं. आम्ही तिथलेच मराठी; आमच्याकडे पाहुण्यासमोर तमिळ आणि गुपितं मराठीत, अशी जुनी रीत. पिढ्यान् पिढ्या कुणाला काही कळलं नव्हतं.

एजंटने तमिळमध्ये विचारलं, "सर, शुगर, बीपी काही?"

आई कॉफी पुढे करत मराठीत म्हणाली, "साखरेचं बोलू नका हो. छातीत दुखलं होतं ते तर मुळीच नको."

अप्पा तमिळमध्ये म्हणाले, "काही नाही. रोज मोठ्या देवळापर्यंत चालतो."

एजंटने पेन खाली ठेवलं. मग आईला, तिकडे वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं मामी म्हणत, अडखळत मराठीत म्हणाला, "मामी, लपवलं तर पुढे क्लेम मिळत नाही. माझी आजी अशीच मराठी बोलायची. ती गेल्यावर ही भाषा आजच ऐकतोय."

आई ओशाळली. अप्पांनी मात्र खुर्ची पुढे ओढली आणि साखर, छाती, मोतीबिंदू, अगदी लहानपणीचा मलेरियासुद्धा त्याला मराठीत सांगितला. हप्ता वाढला, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

अप्पा आता नाहीत, मी चेन्नईत. आईच्या पॉलिसीसाठी तोच एजंट दरवर्षी येतो. यंदा म्हणाला, "मामी, हे आता फोनवरही होतं."

आई म्हणाली, "होत असेल. तू बैस. गुडघ्याचं अजून सांगायचं राहिलंय."