उजेडाचा पाहुणा

रत्नागिरीच्या बसस्थानकावर पुण्याच्या गाडीची वाट पाहत हरिहर बाकाच्या टोकाला अंग चोरून बसला होता. शेजारी रंगलेले बापलेकीचे बोलणे त्याच्या कानावर पडत होते. लेक पुण्याला पीएच.डी.च्या प्रवेशाच्या मुलाखतीला निघाली होती आणि बाप बर्फाच्या कारखान्यातून परस्पर तिला सोडायला आला होता.

“म्हणजे गो दर्शना, तुझ्या लेझरने वायू गार होतो?”

“हो पप्पा. दाबून भरलेला, दाट वायू.”

“मी तीस वर्षं बर्फावर गोणपाट टाकतोय, ऊन लागू नये म्हणून. आणि तू उजेडानेच गार करणार!”

“हेच तर उद्या विचारतील. मागच्या वेळी इथंच अडखळले आणि जागा गेली.”

“मग आधी मला समजाव. मला कळलं तर त्यांना कळेलच.”

“दाट वायूत अणू सारखे एकमेकांवर आपटतात. आपटताना ते उजेड गिळतात. परत सोडतात तेव्हा त्या उजेडासोबत थोडी जास्त ऊर्जा बाहेर जाते. ती जादाची ऊर्जा म्हणजे वायूतली उष्णता.”

“मग हा उजेड आपला पाहुणाच की गो! येताना नारळ आणतो, जाताना फणस नेतो.”

“पप्पा! हे उद्या असंच सांगू?”

“खुशाल सांग. निवड झाली तर किती वर्षं तिकडे?”

“पाच.”

गाडी फलाटाला लागली. बापाने पिशवी उचलली.

“सुट्टीला येशील तेव्हा नारळसुद्धा आणू नको.”

“आणि जाताना?”

“जाताना फणस ने. पण येत राहा गो.”