आतून उघडणारं दार

आधी तो बॅनर खाली घ्या. ‘रणगाड्यांचे शिल्पकार’ हे कुणी लिहिलं? माझ्या जावयांनी आयुष्यात एकही रणगाडा केला नाही. रणगाड्याला तोफ असते, पट्टे असतात. आमचे जावई करायचे ती चिलखती गाडी. हलकी, चार चाकांची. सैनिकांना आत बसवून न्यायची आणि जिवंत परत आणायची. मी दुसरी नापास बाई, मला फरक कळतो. छापणाऱ्याला कळू नये? माणूस गेला म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवायचं का?

असो. मानपाड्याच्या या हॉलमध्ये आलेल्या सगळ्यांना नमस्कार. साहेब लोक आलेत, शिफ्ट सोडून कामगार आलेत, गावची माणसं आलीत. मला बोलायला जड जातंय. सासूने जावयाच्या शोकसभेत बोलायचं, हे उलटंच झालं. माझ्या वेळी त्यांनी उभं राहायचं होतं. आणि ते खरं बोलले असते, तर तुम्ही पोट धरून हसला असता.

पण मी रडायला उभी नाही. जयवंतराव गेले त्याला आज दहा दिवस झाले. त्यांच्या शेडमध्ये चार गाड्या उभ्या आहेत. त्यांनी न बघितलेल्या. त्या चार गाड्यांसाठी मी उभी आहे.

खोटं बोलणार नाही, मला हा जावई पसंत नव्हता. तेव्हा ते माजिवड्याला पाण्याच्या टँकरच्या टाक्या जोडायचे. मुलगी बघायला आले, तर शर्टाला ठिणग्यांची भोकं. मी वनिताला आत नेऊन म्हटलं, “अगं, हा माणूस आहे की चाळण?” कार्टी म्हणते, “आई, चाळणीतून पीठ पडतं, कोंडा वर राहतो.” झालं लग्न. जावयाला अहो-जाहो करायची आपली रीत. ती मी पाळली. शिव्या देतानाही पाळली.

मग ते इथल्या कारखान्यात लागले, चिलखती गाड्यांच्या कामावर. “आई, हे पोलाद रागीट आहे,” म्हणायचे. “आधी शेकायचं, मग जोडायचं. घाई केली तर आज गप्प बसतं आणि उद्या तडकतं.” मी म्हटलं, “म्हणजे तुमच्या बायकोसारखं.” बसलीय इथेच, विचारा तिला. मी त्यांच्याकडेच राहते; भाकऱ्या थापायला बसले की परातीतल्या पिठावर बोटाने रेघा ओढून दाखवायचे. गाडीचं बूड होडीसारखं निमुळतं का, तर खाली सुरुंग फुटला तर मार दोन्ही बाजूंना जावा. बाकं खाली न ठोकता वरून का टांगायची, तर दणका माणसाच्या मणक्यात शिरू नये. मी म्हणायचे, “पीठ नासू नका.” पण ऐकायचे. सगळं ऐकायचे.

आता दसऱ्याची गोष्ट. कारखान्यात दसऱ्याला मशिनींची पूजा असते, घरच्यांना बोलावतात. त्या वर्षी पहिली गाडी तयार उभी होती. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, पोलादावर हळदकुंकू. जावई म्हणाले, “आई, आत बसून बघा.” चढले कशीबशी. हातात प्रसादाचं ताट. मी बाकावर टेकले आणि मागून कुणीतरी दार लावलं.

लावलं ते लावलं. उघडेना.

आतली कडी उंच. ती वर ढकलायची एका हाताने आणि दार रेटायचं दुसऱ्या हाताने. माझा एक हात ताटात अडकलेला. मी आतून अशा शिव्या घातल्या की पूजेचे भटजी थांबले म्हणे. शेवटी बाहेरून उघडलं. इंजिनियर पोरं हसतायत. एक म्हणतो, “आजी, ताट खाली ठेवायचं ना!”

मी म्हटलं, “मेल्या, प्रसाद पायाशी ठेवू?”

सगळे हसले. जयवंतराव नाही हसले. ते त्या कडीकडे बघत उभे होते. मग हळू आवाजात म्हणाले, “सैनिकाच्या हातात ताट नसेल. त्याचा हातच नसेल.”

आठवतंय ना, कामतसाहेब? कारखान्याचे मॅनेजर म्हणून तुम्ही तिथेच होतात. मान खाली घालू नका, तुमची पाळी अजून यायचीय.

त्यानंतर या माणसाने कडीचा पिच्छा सोडला नाही. साहेब म्हणाले, नकाशा मंजूर झालाय. जावई म्हणाले, नकाशा आत बसणार नाही. साहेब म्हणाले, तुम्ही वेल्डर आहात, वेल्डिंग बघा. जावई म्हणाले, बघतोय, पण दारही बघतोय. घरी आले की माझ्याशी भांडून सराव करायचे. मी साहेब व्हायचे. मी त्यांना असं झाडायचे की खरे साहेब त्यांना गरीब वाटायचे! असे किती महिने गेले. शेवटी कडी खाली आली, मोठी झाली, एका हाताने ओढली की दार सुटायला लागलं.

तेवढ्यावर थांबले का? नाही. दर गाडी निघायच्या आधी स्वतः आत बसायचे. उजवा हात कमरेला गमछ्याने बांधायचा, डोळे मिटायचे, दार लावायला सांगायचं. डाव्या हाताने उघडून बाहेर आले तरच गाडी पास. तुम्ही कामगारांनी त्याला नाव ठेवलं होतं, सासूची परीक्षा. मला कळलं नव्हतं असं समजू नका. हसा, हसा. मला आवडायचं ते नाव.

ही परीक्षा कुठल्या कागदात नाही. कुणी करायला सांगितली नव्हती. ते होते म्हणून होत होती.

या गाड्या कुठे जातात ते आम्हाला कुणी सांगत नाही. सांगूही नये. पण एकदा एक गाडी दुरुस्तीला परत आली. पुढचं चाक उडालेलं, बूड आत दबलेलं. सोबत एक हवालदार होता. त्या दिवशी जावई घरी आले, हात धुतले, पानावर बसले. रोज दोन भाकऱ्या खाणारा माणूस, चार खाल्ल्या. मी विचारलं, “काय झालं?” म्हणाले, “आई, हवालदार म्हणाला, गाडी कलंडली, धूर भरला, त्याचा उजवा हात मोडला होता. दार त्यानेच उघडलं. सगळे बाहेर आले.”

एवढंच. पुढे म्हणाले, “वाढा अजून.”

मी खूप माणसं बघितली, बाबांनो. मोठ्या गप्पांची, मोठ्या गाड्यांची. असा माणूस एकच बघितला. ज्यांची तोंडं कधी बघितली नाहीत, त्यांच्यासाठी रोज हात बांधून अंधारात बसणारा. तो माझा जावई होता. आज छाती ठोकून सांगते, मुलीने माझं ऐकलं नाही ते बरं केलं.

आता कामतसाहेब. मघाशी तुम्ही इथेच उभं राहून म्हणालात, “सोमवारी चार गाड्या रवाना करून आम्ही जयवंतरावांना श्रद्धांजली वाहू.” टाळ्याही झाल्या. मला सांगा, त्या गाड्यांत कोण बसलं? गेल्या दहा दिवसांत कुणी हात बांधला? आत न बसता गाडी सोडलीत, तर ती कसली श्रद्धांजली?

उठा सगळे. दोन मिनिटं गप्प उभे राहा. जयवंतराव, सासूचा तुम्हाला नमस्कार. वयाने मोठी असले तरी करते.

ही दोन मिनिटं संपली की कुणी चहाकडे वळायचं नाही. माइक कामतसाहेबांकडे द्यायचा. त्या चार गाड्यांत कोण बसणार, त्याचं नाव त्यांनी सगळ्यांसमोर सांगायचं. युनियनवाल्यांनी मधे बोलायचं नाही. वनिता, तूही नाही. उत्तर त्यांनीच द्यायचं.