राजेश्वरीचे अठ्ठ्याहत्तर गुण

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय महाबळेश्वर वेळीप, मुख्याध्यापिका सुनयनाबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, शेतातली कामं टाकून आलेले पालक आणि दहावीच्या माझ्या मुलामुलींनो,

शाल दिलीत, नारळ दिलात, एकतीस वर्षं गणित शिकवलं म्हणून निवृत्तीच्या दिवशी कौतुक केलंत. आभारी आहे. पाहुण्यांनी मला शिस्तीचा शिक्षक म्हटलं. ती शिस्त कसली, ते सांगतो. प्रत्येक परीक्षेनंतर मी गुणांप्रमाणे बाक लावायचो. मुलांनी ती रीत दुपारच्या जेवणाच्या पंगतीपर्यंत नेली. पुढचे हुशार. मागचे सगळे दड्ड, डोकं नसलेले.

गेल्या आठवड्यात कपाट रिकामं करताना सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा सापडला, वाटायचा राहून गेलेला. एकानंही मागितला नव्हता. बाक ठरले की पेपराला कोण विचारतो? त्यात दहावीतल्या केशरला चौतीस होते, राजेश्वरीला अठ्ठ्याहत्तर. रजिस्टर उघडलं, तर उलटं! दोघींचे गुण मी एकमेकींच्या नावापुढं लिहिले होते.

केशरला विचारलं, "तुला शंका नाही आली?"

"आली की, सर. पर मला वाटलं, तुमास्नी माज्यात कायतरी दिसलं आसंल. मग फुडच्या बाकावर बसल्यावर पोरं गणितं इचारायला लागली. न येऊन कसं चालंल?"

हसू नका. जानेवारीच्या परीक्षेत तिला त्रेसष्ट पडले, आणि ते खरे.

राजेश्वरी? ती मागं गेली तेव्हा पोरं म्हणाली, "या बाईसाहेब, दड्डांच्या गावात!" जानेवारीत तिला एक्केचाळीस. पेपर का मागितला नाहीस, असं मी विचारलं.

"सर चुकतात व्हय? मीच चुकले आसणार."

बुद्धी या विषयावर मी पुष्कळ वाचलं, गावोगाव भाषणं ठोकली. आणि माझ्याच वर्गात, माझ्या पेनाच्या एका चुकीनं एक मुलगी हुशार झाली, दुसरी मठ्ठ. मग इतकी वर्षं आम्ही मोजत काय होतो? डोकं, की बाक?

राजेश्वरीच्या आई, बाजारकुणंगच्या इंदुबाई, समोर बसल्या आहेत. परीक्षा झाली की लेकीला गणेशगुडीच्या लॉजवर कामाला लावायचं त्यांनी ठरवलंय. मला म्हणाल्या, "मास्तर, डोकंच न्हाई तर कॉलेजात घालून काय करू?" इंदुबाई, ते काम कमीपणाचं नाही. पण तुम्ही ठरवलंत ते माझ्या चुकीच्या आकड्यावरून. खरा आकडा आज ऐकलात. आता पुन्हा ठरवा.

सुनयनाबाईंनी बाकांची ती रीत कालपासून बंद केली, त्यांचे आभार. मंडप घालणाऱ्यांचे, जेवण रांधणाऱ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात जे झालं, त्याची माफी मी आज मागत नाही. राजेश्वरीचं नाव कॉलेजच्या यादीत लागलं की घरी येऊन मागेन.

राजेश्वरी, वर ये. हा तुझा पेपर. गुणांची बेरीज सरांनी केलीय म्हणून विश्वास ठेवू नकोस. ती तू स्वतः तपास.