प्रश्न त्रेसष्ट, बहुतेक ब

जबाब देणार: विवाहित स्त्री, वय ३९ वर्षे, धंदा नोकरी, रुग्णालयात नेटवर्क तंत्रज्ञ, कंत्राटी. नाव व पत्ता सोबतच्या ओळखपत्राच्या प्रतीप्रमाणे. दिनांक १९, दुपारी २ वाजून ४० मिनिटे.

मी कोणी बोलावले नसताना स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर पहिल्या मजल्यावर मी, माझे पती व सासूबाई असे राहतो. तळमजल्यावर माझा धाकटा दीर, वय ३३, कॉम्प्युटर क्लास चालवतो. लग्न झाल्यापासून मी त्याला भावजी म्हणत आले, अहो-जाहो करत आले. या जबाबात त्याचा उल्लेख एकेरी आहे. तो मुद्दाम आहे, कृपया दुरुस्त करू नये.

रुग्णालयात मी नऊ वर्षे आहे. कुठल्या भिंतीमागून कुठली केबल जाते हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण कायम व्हायचं तर नेटवर्किंगची परीक्षा पास असल्याचं सर्टिफिकेट लागतं. जागा एकच आहे, आणि सर्टिफिकेट दाखल करायची शेवटची तारीख येता शुक्रवार. मी भंगारातून दोन जुने स्विच आणि एक राऊटर, म्हणजे नेटवर्क जोडायच्या घरघरणाऱ्या पेट्या, आणून स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला मांडले होते. एका हाताने कुकर बघायचा, दुसऱ्या हाताने कमांड द्यायच्या. सासूबाई म्हणायच्या, "तुझी ती गिरणी आधी बंद कर, मला टीव्ही ऐकू येत नाही." नेटवर्कमधल्या मशीनच्या पत्त्यांची गणितं मी वॉर्डातल्या रद्दी फॉर्मांच्या पाठीवर करायचे. जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदार साहेबांनी विचारलं, पत्त्यांची गणितं म्हणजे काय? मी सांगायला लागले. तिसऱ्या मिनिटाला ते म्हणाले, राहू द्या, पुढे सांगा.

याआधी मी दोनदा नापास झाले. दोन्ही वेळा परीक्षा केंद्राबाहेर दीर स्कूटर घेऊन उभा होता. कोपऱ्यावर चहा पाजायचा आणि म्हणायचा, "वहिनी, गरम गरम सांगा, विसरायच्या आत. कुठं चुकलात ते शोधून काढू." फोन टेबलावर पालथा ठेवलेला असायचा. मी प्रश्न आठवून आठवून सांगायचे. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, हे माझं दुर्दैव. संध्याकाळी पती टीव्हीवरून नजर न काढता विचारायचे, "झाली का?" बस्स. त्यामुळे घरात आपलं काही विचारणारं एक माणूस आहे, याचं मला फार बरं वाटायचं. हे वाक्य घटनेशी संबंधित आहे, गाळू नये.

चार महिन्यांपूर्वी आमच्या विभागात एक नवा तंत्रज्ञ लागला. त्याला या परीक्षेत अठ्ठ्याण्णव टक्के होते आणि हे तो पाणी प्यायला उठला तरी सांगायचा, म्हणून विभागात त्याला अठ्ठ्याण्णवच म्हणतात. गेल्या महिन्याच्या ११ तारखेला, सकाळी १०.५० वाजता त्याने एका केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खुपसली. असं केलं की माहिती त्या केबलमधून गरगर फिरत राहते आणि सगळं नेटवर्क गुदमरतं. ते होऊ नये म्हणून स्विचमध्ये एक सोय असते. ती त्याने आदल्याच दिवशी बंद केली होती, कारण तिचा नारिंगी दिवा सारखा लागलेला त्याला बघवत नव्हता. सव्वा तास रुग्णालय आंधळं झालं. ऑपरेशन टेबलावर एक बाई झोपवलेली आणि तिचा रक्ताचा रिपोर्ट प्रयोगशाळेतून वर जाईना. मी तो कागदावर घेऊन चार मजले चढले, उतरले, पुन्हा चढले. मग केबल शोधून उपटली. बाई वाचली. मी जिन्यात बसले आणि ज्याने कोणी या गाढवाला पास केलं त्याच्या नावाने बोटं मोडली.

आज सकाळी ९.१० वाजता तिसऱ्या प्रयत्नासाठी मी केंद्रावर पोहोचले. आत काही नेता येत नाही, म्हणून घड्याळ, फोन, मंगळसूत्रसुद्धा काढून लॉकरमध्ये ठेवलं. बाहेरच्या बाकावर शेजारी एक मुलगी झेरॉक्सचा गठ्ठा मांडीवर घेऊन डोळे मिटून पुटपुटत होती. "एकसष्ट ड, बासष्ट अ, त्रेसष्ट ब." मी म्हटलं, "अगं, प्रश्न काय आहे तो?" ती म्हणाली, "प्रश्न कशाला वाचायचा ताई? पर्यायांची सुरुवात ओळखायची, बाकी उत्तर पाठ आहे." मी गठ्ठ्यात डोकावले. त्रेसष्टाव्या प्रश्नात मशीनचा पत्ता छापला होता, १०.४०.७.१९.

हा पत्ता परीक्षेतला नाही. हा आमच्या एक्स-रे खोलीतल्या मशीनचा आहे. दुसऱ्या प्रयत्नानंतर चहा पिताना परीक्षेतला आकडा मला आठवेना, म्हणून जिभेवर जो होता तो मी सांगून टाकला होता. जगात तो पत्ता आणि तो प्रश्न एकत्र आणणारी व्यक्ती मी एकटी आहे. खाली उत्तर छापलं होतं. शब्द असे: "बहुतेक ब, पण शपथ घेणार नाही बाई, इथे मी घोटाळा केला, चहात साखर नाहीये." फोनने ऐकून टाइप केलेलं त्याने वाचायचेही कष्ट घेतले नव्हते. छापलं आणि वाटलं.  मी मुलीला विचारलं, हे कुठून आणलं? तिने आमच्या तळमजल्याचा पत्ता सांगितला. अठ्ठ्याण्णवही तिथलाच, त्याचा हसरा फोटो क्लासच्या दारावर लावला आहे, हेही तिनेच सांगितलं. मी त्या दारावरून रोज जाते, वर मान करून बघायला मला सवड झाली नव्हती.

९.३० वाजता आत गेले. संगणकाने सुरुवातीला अट दाखवली की यातला कुठलाही प्रश्न मी बाहेर कोणाला सांगणार नाही. "मान्य" दाबलं. हेच बटण मी याआधीही दोनदा दाबलं होतं. पत्त्यांचा तो प्रश्न आजही आला. मी हाताने गणित मांडून सोडवला. उत्तर ड आहे. म्हणजे तळमजल्यावरची सगळी पोरं माझी चूक घोकत बसली आहेत. अठ्ठ्याण्णवचे दोन टक्के कुठे गेले असतील, तेही मला तिथेच कळलं. मी पास झाले. एक्क्याऐंशी टक्के. निकालाचा कागद हातात घेतला तर तो कोणाच्या तरी उष्ट्या ताटासारखा वाटला.

१२.१५ वाजता मी क्लासमध्ये गेले. आत बारा विद्यार्थी होते. दीर आकडे ओरडत होता आणि ते अक्षरं ओरडत होते. मी सगळ्यांसमोर विचारलं, "अरे, हे माझं बोलणं आहे का?" मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरे म्हणाले, तेवढ्याने तो दचकला. मग हसून म्हणाला, "वहिनी, तुमच्याच आशीर्वादाने चाललंय सगळं! निम्मा गठ्ठा तुमचा आहे. आज काय काय आलं? बसा, चहा सांगतो." आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. मला त्याची किळस आली. त्याच्या फोनची, त्या टेबलाची, इतकी वर्षं त्याला वाढलेल्या ताटांची. मी म्हटलं, "तुझ्या त्या अठ्ठ्याण्णवने एक बाई मारली असती." तो म्हणाला, "मेली का? नाही ना? मग कशाला डोकं फिरवून घेता? सगळीकडे हेच चालतं." आवाज ऐकून सासूबाई खाली आल्या. म्हणाल्या, "घरातलं घरात मिटव. तुझं काम झालंय ना? पास झालीस ना? आता त्याच्या पोटावर कशाला उठतेस?" पतींना फोन लावला. ते म्हणाले, "शुक्रवार होऊ दे, मग बघू." मी फोन ठेवला.

यानंतर मी जे बोलले त्यातल्या शिव्या अंमलदार साहेबांच्या सांगण्यावरून वगळल्या आहेत. मी टेबलावरचा एक गठ्ठा उचलला व थेट इकडे आले. गठ्ठा सोबत जमा करत आहे. पाने ११२.

अंमलदार साहेबांनी मला समजावून सांगितलं की, प्रश्न मी बाहेर सांगितले असं या जबाबात आलं तर परीक्षा घेणारे माझंही सर्टिफिकेट रद्द करतील, पुन्हा परीक्षेला बसू देतील की नाही सांगता येत नाही, आणि शुक्रवारची जागा जाईल. ते म्हणाले, "ताई, चहाचा भाग गाळतो. गठ्ठा बाकावर सापडला एवढंच लिहू. तक्रार तेवढ्यावरही उभी राहते." माणूस भला आहे. मला दोन मिनिटं मोह झाला, हेही लिहून घ्यावं. नऊ वर्षं कंत्राटी काढली आहेत मी. पण तो भाग गाळला, तर मी आणि दीर एकाच गठ्ठ्यातून खाल्लेले होऊ. म्हणून गाळू नका म्हटलं. आज मिळालेला निकालाचा मूळ कागद पुरावा म्हणून जमा केला आहे. परत नको.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. त्यात "बहुतेक" हा शब्द चहाच्या टेबलावरचा तेवढा आहे. आजच्या बोलण्यात तो कुठेही नाही, हे तपासून मी सही केली आहे.